न आलेल्या पैशांचा जमाखर्च

गेल्या जानेवारी महिन्यांत नागरिकशास्त्राच्या तासास आठव्या इयत्तेंतील एका मुलानें मला एक प्रश्न विचारला. त्याच्या घरीं नगरपालिकेचें घरपट्टीचें बिल आलें होतें आणि तें आतां भरावें कीं पुढील वर्षावर ढकलावें याविषयीं घरांत बोलणें चाललें होतें. मुलगा म्हणाला, "गुरुजी, बाबा म्हणतात, आपल्या एका घराची पट्टी राहिली म्हणून नगरपालिका थोडीच बुडणार आहे? नळाला पाणी तर येतेंच." वर्ग हंसला. मलाही हंसूं आलें. परंतु उत्तर द्यावयास लागलों तेव्हां ध्यानांत आलें कीं, हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाहीं. तेवढ्यांत तासाची घंटा झाली. "याचें उत्तर वार्षिक अंकांत लिहीन," असें मीं त्यास वचन दिलें. तें वचन पुरें करण्यासाठीं हा लेख आहे. तो विद्यार्थ्यांनीं वाचावाच. पण घरीं नेऊन वडील मंडळींसही वाचून दाखवावा, अशी माझी विनंति आहे.

अंदाजपत्रक म्हणजे येणाऱ्या वर्षांत पैसा किती येईल व तो कशावर किती खर्चावा याचा आगाऊ मांडलेला हिशेब. दर महिन्यास ठराविक पगार मिळणाऱ्या माणसास असा हिशेब मांडणें फारसें कठीण जात नाहीं. जमेचा आंकडा त्यास ठाऊक असतो, खर्च तेवढा बेतांत बसवावयाचा असतो. नगरपालिकेचें तसें नाहीं. तिची स्थिति नोकरदाराच्या घरापेक्षां कोरडवाहू शेतकऱ्याच्या घराशीं अधिक जुळते. पाऊस किती पडेल हें त्या शेतकऱ्यास ठाऊक नसतें, तरी बियाणें आधींच घ्यावें लागतें आणि घरांतील माणसांस तर रोजच जेवूं घालावें लागतें. नगरपालिकेचाही खर्च रोजचा असतो व उत्पन्न मात्र लहरी असतें. या दोहोंचा मेळ घालणें हेंच तिच्या कारभाऱ्यांचें खरें कौशल्य होय.

महाराष्ट्रांतील लहान नगरांचा कारभार १९६५ च्या नगरपरिषद कायद्यान्वयें चालतो. ज्या नगराची लोकसंख्या ४०,००० किंवा त्याहून कमी असते त्याची नगरपरिषद 'क' वर्गांत, ४०,००० हून अधिक व १,००,००० पर्यंत असल्यास 'ब' वर्गांत, आणि त्यापुढें 'अ' वर्गांत मोडते. आर्थिक वर्ष १ एप्रिलला सुरू होतें व ३१ मार्चला संपतें. वर्ष सुरू होण्यापूर्वीं मुख्याधिकारी अंदाजपत्रकाचा मसुदा तयार करितात, तो स्थायी समितीपुढें जातो, आणि तेथून तो सर्वसाधारण सभेपुढें येऊन लोकप्रतिनिधींच्या संमतीनें कायम होतो. सभेंत खडाजंगी होते ती बहुधा खर्चाच्या बाजूवर. माझ्या वॉर्डांतील गटाराला किती, त्यांच्या वॉर्डांतील रस्त्याला किती, असा वाद चालतो. जमेची पानें मात्र पुष्कळ वेळां न वाचतांच उलटलीं जातात. खरी मेख असते ती नेमकी त्याच पानांत.

तीं पानें आपण उघडून पाहूं. नगरपालिकेचें उत्पन्न मुख्यतः दोन प्रकारचें. एक तिचें स्वतःचें, दुसरें वरून येणारें. स्वतःच्या उत्पन्नांत घरपट्टी, पाणीपट्टी, बाजारांतील गाळ्यांचें भाडें, बांधकाम-परवान्याची फी इत्यादि रकमा येतात. त्यांत घरपट्टी हा मुख्य आधार होय. घराचें वर्षाचें वाजवी भाडें किती येईल हें ठरवून त्यांतून दुरुस्तीसाठीं शेंकडा १० वजा करितात. उरलेली रक्कम म्हणजे त्या घराचें करयोग्य मूल्य. त्यावर ठराविक दरानें कर आकारतात. सर्व घरांची नवी आकारणी दरवर्षीं करावी लागत नाहीं. ती साधारणपणें चार वर्षांनीं एकदां होते. बिल हातीं आलें म्हणजे तें बारकाईनें पाहा. त्यांत शिक्षण कर व रोजगार हमी कर असे रकाने आढळतील. ही रक्कम नगरपालिका गोळा करिते खरी, परंतु ती राज्य सरकारच्या तिजोरींत जाते. बिलाचा तळचा आंकडा पाहून "एवढे पैसे घेऊनही रस्ते असे कां?" असें म्हणणाऱ्यानें ही गोष्ट लक्षांत ठेवणें न्यायाचें होईल.

वरून येणाऱ्या पैशाची कथा थोडी निराळी आहे. ज्या पालकांचें वय आज पन्नाशीच्या पुढें आहे त्यांस नगराच्या वेशीवरील जकात नाका आठवत असेल. गांवांत येणाऱ्या मालावर तेथें जकात घेत. त्या पद्धतींत दोष पुष्कळ होते. मालमोटारींच्या रांगा लागत, व्यापाऱ्याचा खोळंबा होई, आणि देण्याघेण्यांत लबाडीस वाव राही. महाराष्ट्रांतील नगरपरिषदांच्या हद्दींतील जकात १ जुलै १९९९ पासून बंद झाली. मोठ्या महानगरपालिकांत ती आणखी कांहीं वर्षें टिकली. पुढें तिच्या जागीं स्थानिक संस्था कर आला आणि १ जुलै २०१७ पासून देशभर वस्तु व सेवा कर लागूं झाल्यावर मुंबईंतील जकातही संपली. नगरपरिषदांचें जें उत्पन्न बुडालें त्याबद्दल राज्य सरकार त्यांस अनुदान देऊं लागलें, आणि कित्येक लहान नगरांत नोकरांचे पगार मुख्यतः याच अनुदानावर होतात. जकात गेली हें बरेंच झालें. परंतु त्याबरोबर एक मोठा फरक पडला. पूर्वीं नाक्यावरचा पैसा रोज संध्याकाळीं नगराच्या पेटींत पडे. आतां तो दुसऱ्याच्या हातून, दुसऱ्याच्या सोयीनें येतो. रक्कम तीच असली तरी ती एप्रिलांत आली कीं सप्टेंबरांत, यावर झाडूवाल्याची चूल अवलंबून असते.

तिसरा झरा वित्त आयोगाचा. १ जून १९९३ रोजीं अमलांत आलेल्या ७४ व्या घटनादुरुस्तीनें नगरपालिकांस राज्यघटनेंत स्थान मिळालें आणि पाणीपुरवठा, रस्ते, स्वच्छता, दिवाबत्ती यांसारखे १८ विषय बाराव्या परिशिष्टांत नोंदले गेले. केंद्राचा वित्त आयोग नगरांसाठींही अनुदानाची शिफारस करितो. पंधराव्या वित्त आयोगानें २०२१-२२ ते २०२५-२६ या पांच वर्षांसाठीं लहान नगरांस जें अनुदान ठरविलें, त्यांतील शेंकडा ६० भाग बांधलेला होता. त्यापैकीं अर्धा पिण्याच्या पाण्याशीं निगडित कामांसाठीं व अर्धा स्वच्छतेसाठींच वापरावा, अशी अट होती. उरलेला शेंकडा ४० भाग मोकळा होता. परंतु त्यांतूनही पगार भागवावयाचे नव्हते. शिवाय हिशेब लोकांपुढें मांडणें व घरपट्टीची वसुली वाढविणें याही अटी होत्या. तात्पर्य, पुस्तकांत जमा म्हणून लिहिलेला प्रत्येक रुपया प्रत्येक खर्चास चालत नाहीं. पाइपासाठीं आलेल्या पैशांतून दिव्यांचें वीजबिल भागवितां येत नाहीं. घरांत मुलीच्या लग्नासाठीं दागिना ठेवलेला असतो म्हणून कोणी महिनाअखेरच्या किराण्याची काळजी सोडीत नाहीं, तसेंच हें आहे.

येथवर उत्पन्नाचे प्रकार झाले. आतां तें उत्पन्न अनिश्चित असलें म्हणजे एखाद्या गांवावर काय प्रसंग येतो, याचें एक खरें उदाहरण घेऊं. रायगड जिल्ह्यांतील माथेरान आपणांपैकीं पुष्कळांनीं पाहिलें असेल. मे १८५० मध्यें ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांनीं हें ठिकाण शोधून काढलें, आणि नेरळहून वर जाणारी लहान आगगाडी १९०७ सालीं सुरू झाली. गांव अगदीं लहान. २०११ च्या जनगणनेंत तेथील लोकसंख्या अवघी ४,३९३ भरली. मोटारी दस्तुरी नाक्यापाशीं थांबतात आणि गांवांत शिरणाऱ्या प्रवाशाकडून नगरपरिषद प्रवासी कर घेते. २००३ सालीं हा प्रदेश पर्यावरणाच्या दृष्टीनें संवेदनशील म्हणून जाहीर झाल्यामुळें तेथें नव्या बांधकामावर कडक निर्बंध आहेत. वनश्रीच्या रक्षणासाठीं हें योग्यच आहे. परंतु त्याचा एक अर्थ असाही होतो कीं, नवीं घरें वाढून घरपट्टी वाढेल ही आशा तेथें फारशी करतां येत नाहीं. प्रवासी येतील तर पैसा येईल, हेंच तेथील गणित.

आणि प्रवासी येणें हें पावसाच्या, रस्त्याच्या व रुळांच्या हातीं. २६ जुलै २००५ च्या अतिवृष्टींत आगगाडीचा मार्ग ठिकठिकाणीं वाहून गेला. गाडी पुन्हां धांवूं लागली ती २००७ मध्यें. २०१९ च्या पावसाळ्यांत पुन्हां तीच आपत्ति आली, आणि नेरळहून थेट माथेरानपर्यंतची गाडी ऑक्टोबर २०२२ मध्यें चालूं झाली. मध्यंतरीं मार्च २०२० मध्यें कोविडच्या सांथीमुळें देशभर टाळेबंदी झाली व महिनेच्या महिने नाक्यावर प्रवासीच नव्हता. अंदाजपत्रक तर त्याच्या आधींच मांडलें गेलेलें असणार. विचार करा, त्या वर्षीं जमेच्या पानावरील प्रवासी कराचा आंकडा कितीसा खरा ठरला असेल? तरीही रस्त्यावरचे दिवे लावावेच लागले, केर काढावाच लागला, सफाई कामगारांस पगार द्यावाच लागला. किंबहुना सांथीच्या दिवसांत स्वच्छतेचें काम वाढलेंच. उत्पन्न थांबतें म्हणून खर्च थांबत नाहीं, हा धडा माथेरानसारख्या गांवास निसर्ग वारंवार शिकवितो. आपल्या मैदानी गांवांस तो धडा इतक्या ठळकपणें मिळत नाहीं. परंतु कापडाची गिरणी बंद पडली, साखर कारखान्याचा हंगाम बुडाला, किंवा नुसती लोकांची कर भरण्याची संवय सुटली, तरी परिणाम तोच होतो.

मग अशा स्थितींत शहाण्या कारभाऱ्यानें अंदाजपत्रक मांडावें तरी कसें? हें आपण पाटीवर गणित करून पाहूं. पुढील गांव व आंकडे सर्वस्वीं कल्पित आहेत; केवळ समजण्यासाठीं सोपे घेतले आहेत.

एका गांवांत कर देणारीं २,००० घरें आहेत. प्रत्येक घराची घरपट्टी सरासरी ४,००० रुपये. म्हणजे चालूं वर्षाची मागणी ८० लाख रुपये झाली. मागील वर्षांची थकबाकी ४० लाख. एकूण येणें १ कोटि २० लाख. आतां जमेच्या पानावर कोणता आंकडा लिहावा? घाईचा कारकून १ कोटि २० लाखच लिहील, कारण कागदोपत्रीं येणें तेवढें आहेच. शहाणा कारकून मागील तीन वर्षांच्या वह्या काढील. त्यांत त्यास असें दिसतें कीं, चालूं मागणीपैकीं पहिल्या वर्षीं शेंकडा ७०, दुसऱ्या वर्षीं ६६ व तिसऱ्या वर्षीं ६२ वसूल झाले. आणि थकबाकीपैकीं अनुक्रमें शेंकडा २५, २० व १५. सरासरी काढली तर चालूं मागणीचे शेंकडा ६६, म्हणजे ५२ लाख ८० हजार, व थकबाकीचे शेंकडा २०, म्हणजे ८ लाख. मिळून ६० लाख ८० हजार होतात. परंतु वसुली दरवर्षीं उतरतच आहे हें पाहून तो सरासरीवरही विसंबत नाहीं. तो शेवटच्या वर्षाचेंच प्रमाण धरितो. ८० लाखांचे शेंकडा ६२ म्हणजे ४९ लाख ६० हजार, आणि ४० लाखांचे शेंकडा १५ म्हणजे ६ लाख. एकूण ५५ लाख ६० हजार. घाईच्या कारकुनाच्या आंकड्यांत आणि याच्या आंकड्यांत ६४ लाख ४० हजारांचें अंतर पडलें, आणि दोघांपुढें वही तीच होती!

पाणीपट्टी, गाळ्यांचें भाडें वगैरे खात्रीचें इतर उत्पन्न २४ लाख ४० हजार धरूं. म्हणजे स्वतःचें भरंवशाचें उत्पन्न ८० लाख झालें. पगारासाठीं येणारें अनुदान ९० लाख. एकूण १ कोटि ७० लाख. आतां खर्च. पगार व निवृत्तिवेतन ९६ लाख, पाण्याच्या पंपांची वीज व शुद्धीकरण ३२ लाख, केरकचरा, दिवाबत्ती व गटारें २२ लाख, कर्जाचा हप्ता ६ लाख. बेरीज १ कोटि ५६ लाख. हा खर्च एक दिवसही थांबवितां येत नाहीं. तो पहिल्या यादींत. उरले १४ लाख. त्यांतील ८ लाख संकटकाळासाठीं राखून ठेवावे आणि ६ लाख दुरुस्तीस द्यावे. कारण आज न शिवलेला टांका उद्यां सगळा सदरा फाडतो. ही दुसरी यादी. आणि सभेंत ज्यावर टाळ्या पडतात तें नवें उद्यान, कारंजें, कमान, त्यांस लागणारे ४० लाख? तीं कामें तिसऱ्या यादींत घालावीं. तिचें नांव, "वसुली वाढल्यास करावयाचीं कामें". पैसा प्रत्यक्ष पेटींत पडल्यावांचून त्यांस हात लावूं नये.

तीन याद्यांची ही पद्धति अगदीं साधी आहे. कोणतीही दक्ष गृहिणी ती न शिकतां पाळते. धान्य व दुधाचे पैसे आधीं बाजूला काढते, औषधपाण्यासाठीं डब्यांत थोडे ठेवते, आणि नवें लुगडें दिवाळीची बक्षिशी हातीं आल्यावरच घेते. नगरपालिकेंत मात्र हा क्रम पुष्कळदां उलटा होतो, आणि तो उलटा करण्याची युक्ति एकच, ती म्हणजे जमेचा आंकडा फुगविणें. घरपट्टीपुढें ५५ लाख ६० हजारांऐवजीं १ कोटि लिहिले कीं कागदावर ४४ लाख ४० हजार शिल्लक दिसूं लागतात व कारंजें पहिल्या यादींत जाऊन बसतें. सभा आनंदानें उठते. ठेका दिला जातो. पुढें फेब्रुवारींत पेटी उघडून पाहतात तों ती रिकामी! तेव्हां कोणाचे पैसे थांबतात? ज्याच्या हातीं लेखी करार असतो तो ठेकेदार तगादा लावतो. वीज कंपनी जोडणी तोडण्याची नोटीस देते. ज्याला तगादा लावतां येत नाहीं, नोटीस देतां येत नाहीं, त्याचें देणें राहतें. खोट्या आंकड्याची किंमत अशी शेवटीं सर्वांत दुबळ्या माणसाच्या पदरांत पडते. म्हणूनच जमेचा अंदाज हा केवळ हिशेबाचा प्रश्न नाहीं. तो न्यायाचा प्रश्न आहे.

हें मी पुस्तकांत वाचून लिहीत नाहीं. कित्येक वर्षांपूर्वीं मी एका दुसऱ्या गांवीं शिक्षक होतों. तेथें आमची गल्ली झाडणाऱ्या बाईंचा मुलगा माझ्या वर्गांत होता. एकदां त्यानें सलग तीन आठवडे गणिताची वही आणली नाहीं. मीं त्यास सर्वांदेखत रागें भरलें. मुलगा कांहींच बोलला नाहीं. दुसऱ्या दिवशीं पहाटे झाडू मारतांना त्याची आई थांबली व खालच्या आवाजांत म्हणाली, "मास्तर, दोन महिने पगार झाला नाहीं. झाला कीं पहिली वहीच घेतें." मीं तिला पैसे देऊं केले, तिनें घेतले नाहींत. घरांत आलों व कांहीं कागद शोधण्यासाठीं टेबलाचा खण उघडला, तों त्यांत वर घरपट्टीचें बिल पडलेलें. मागील वर्षाचें. पैसे नव्हते असें नाहीं. केवळ "भरूं सावकाश" म्हणून राहिलेलें. तिचा पगार माझ्या एकट्याच्या बिलानें अडला होता असें मी म्हणत नाहीं. परंतु माझ्यासारख्यांच्या खणांत पडलेल्या बिलांनीं तो अडला होता, यांत मला शंका नाहीं. त्या दिवशीं मीं पट्टी भरली व वर्गांत जाऊन त्या मुलाची क्षमा मागितली. त्यानंतर पट्टीस मीं कधीं उशीर केला नाहीं.

आतां कोणी म्हणेल, इतकें भीत भीत अंदाजपत्रक मांडलें तर गांवाची सुधारणा कधीं व्हावयाची? हा आक्षेप रास्त आहे. जमेचा आंकडा मुद्दाम कमी लिहिणें हाही दोषच होय. त्यानें करतां येण्याजोगीं कामें राहून जातात, पैसा पडून राहतो, आणि अधिकाऱ्यांस वसुली वाढविण्याची निकड वाटेनाशी होते. म्हणून सावधगिरीच्या जोडीला तीन गोष्टी हव्यात. पहिली, दर तीन महिन्यांनीं आलेला पैसा व लिहिलेला अंदाज शेजारीं शेजारीं मांडून पाहावा. ऑक्टोबरपर्यंत वसुली अंदाजाच्या पुढें असेल तर तिसऱ्या यादींतील एक काम उचलावें. मागें असेल तर दुसऱ्या यादीस कात्री लावावी, पण पहिलीस लावूं नये. वर्षाच्या मध्यांत सुधारित अंदाज करण्याची सोय यासाठींच असते. दुसरी, एकदांच येणारा पैसा नेहमींच्या खर्चास लावूं नये. जागा विकून किंवा गाळ्यांची अनामत घेऊन आलेल्या रकमेंत यंदाचे पगार भागतील; पुढच्या वर्षीं काय विकणार? तिसरी, उत्पन्नाचा पाया खरा करावा. ज्या घरावर मजला चढला त्याची नोंद पुस्तकांत अजून एकमजली असेल, तर त्या घरमालकाचा भार शेजारचा प्रामाणिक मनुष्य वाहतो. दर वाढविण्यापूर्वीं सुटलेलीं घरें पुस्तकांत आणावीं, हाच न्याय्य मार्ग.

आणि बिल कधीं पाठवावें हाही विचाराचा भाग आहे. आपल्या कल्पित गांवांत ९० लाखांच्या अनुदानाचा शेवटच्या तीन महिन्यांचा वांटा, म्हणजे साडेबावीस लाख, लांबणीवर पडला असें समजा. राखीव ८ लाखांनीं तें खिंडार बुजत नाहीं. अशा वेळीं वसुली सगळी मार्चवर न ठेवतां वर्षाच्या पहिल्या सहा महिन्यांत झालेली असेल, तर गांव तरून जातें. बिलें वेळेवर वांटणें व लवकर भरणाऱ्यास थोडी सूट देणें, एवढ्यानेंही पुष्कळ काम होतें. शास्तीच्या भीतीनें जितकी वसुली होते, तितकीच ती विश्वासानेंही होते; आणि विश्वास बसतो तो हिशेब उघडा ठेवल्यानें. पट्टी कोठें गेली हें ज्या गांवांत लोकांस दिसतें तेथें ती मागावी लागत नाहीं असें नव्हे. पण मागणाऱ्याची मान ताठ राहते.

ज्या घरांत खरोखरच अडचण आहे, घरचा मिळविता माणूस गेला आहे किंवा हंगाम बुडाला आहे, त्या घरास हा लेख दोष देत नाहीं. त्यांनीं नगरपालिकेंत जाऊन हप्त्यांची सवलत मागावी. तींत लाज वाटण्यासारखें कांहीं नाहीं. माझें बोलणें आहे तें खणांत बिल व खिशांत पैसे असणाऱ्या आम्हां लोकांविषयीं.

विद्यार्थिमित्रांनो, आतां त्या मुलाच्या प्रश्नाकडे वळूं. एका घराची पट्टी राहिली म्हणून नगरपालिका बुडेल काय? आपल्या कल्पित गांवाकडे पुन्हां पाहा. एका घराचे ४,००० रुपये. ते राहिले तर खरोखरच कांहीं बुडत नाहीं. परंतु ज्या विचारानें तें एक घर थांबतें, त्याच विचारानें दहांतील एक घर थांबलें तर २०० घरें झालीं, आणि २०० घरांचे ८ लाख रुपये झाले. ८ लाख म्हणजे आपण संकटकाळासाठीं राखलेली सगळी रक्कम! उलट, आज न भरणाऱ्यांपैकीं तेवढींच घरें भरूं लागलीं तर तीच राखीव रक्कम दुप्पट होते. नळाला पाणी येतेंच, हें खरें. तें येतें कारण दुसऱ्या कोणाचे तरी ४,००० रुपये वेळेवर पोंचले आहेत.

तेव्हां घरीं गेल्यावर एक काम करा. घरपट्टीचें शेवटचें बिल कोठें आहे तें विचारा. त्यावरील रकाने वडिलांबरोबर बसून वाचा. कोणता पैसा आपल्या नगराचा व कोणता राज्याचा हें ओळखा. मग नगरपालिकेचें यंदाचें अंदाजपत्रक मिळवून त्याचें जमेचें पान आधीं उघडा, आणि गेल्या वर्षीं लिहिलेला आंकडा व प्रत्यक्ष आलेला आंकडा यांत किती अंतर पडलें तें मोजा. वजाबाकी तुम्हांस येतेच. ज्या गांवांतील मुलें ही वजाबाकी करूं लागतील, त्या गांवच्या कारभाऱ्यांस फुगविलेला आंकडा लिहितांना दोनदां विचार करावा लागेल.

बिल मात्र खणांत परत ठेवूं नका.